आधी खोली, मग माइक

१२ नोव्हें.
नागपूरहून परत. उमरेडनंतर बसायला जागा मिळाली.
डॉ. नी आडपडदा ठेवला नाही, ते बरं केलं. स्वरयंत्र पूर्ण काढायचं. डिसेंबरचा पहिला आठवडा. पुढे श्वास गळ्याला केलेल्या भोकातून. आवाज नाही.
यांनी एकच विचारलं, "मंग सीझनचं काय?" डॉ. ना वाटलं थंडीचं विचारतात. म्हणाले, मफलर बांधा. मी सांगितलं, नाटकांचा सीझन, झाडीपट्टीतला. दिवाळी ते होळी. हे गातात.

घरी आल्यापासून हे खुर्चीत. चपला अजून पायात.

१३ नोव्हें.
ठरवलं. आवाज धरून ठेवायचा.
इतकी वर्षं स्टेजवर गेली आणि धड रेकॉर्डिंग एक नाही. लोकांच्या मोबाइलमध्ये आहेत त्यांत शिट्ट्या, जनरेटर, कुणाचं तरी पोर रडतंय. दुसऱ्या अंकातलं पद, 'वाट पुसू नको पोरी', कुठेच अखंड नाही. लिहिणारे गुरुजी गेले. मूळ चाल आता फक्त यांच्या गळ्यात.
मोबाइलवर नको. घरातच, नीट सामान आणून. यांना सांगितलं.
"मी का लोणचं आहो वं, बरणीत भरून ठेवाले?"
"बोलू नका. डॉक्टरांनी सांगितलंय."
"बोलू नको, मंग गाऊ कसा?"
डॉ. ना फोन केला. म्हणाले, थोडं गाऊ द्या, पण हळू. गळा अजिबात ताणायचा नाही.
तेवढं पुरे.

१५ नोव्हें.
दिवसभर सामानाचं वाचलं. मीनाने हैदराबादहून लिंका पाठवल्या, निम्म्या जाहिराती. तिचा जुना लॅपटॉप इथेच आहे, तो चालेल.
क्रम लावला. आधी खोली, कारण वाईट खोलीत चांगला माइकही वाईटच ऐकतो. मग माइक. मग माइक लॅपटॉपला जोडायची डबी, इंटरफेस म्हणतात तिला. मग स्टँड. हेडफोन शेवटी. ते काय, ऐकायचं साधन.
मीना फोनवर, "आई, हेडफोन आधी घे ना."
"ऐकायचं नंतर. आधी गाऊन तर होऊ दे."
"अगं, पण ते गाताना..."
तिला कुणीतरी हाक मारली. मीटिंग होती. ठेवला.

१७ नोव्हें.
वडशाहून रफीकभाई आले. यांच्या नाटकांना माइक लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं. टॉवेलात गुंडाळून स्टेजवर टांगायचा माइक आणला होता.
"बाई, हाच टांगा. भाऊले सवय आहे, वर पाहून गाते तो."
मी म्हटलं, तो माइक अख्ख्या गावासाठी. मला एका गळ्यासाठी हवा.
"मंग इको तरी टाकू थोडा. भाऊ देवळात बसून गाऊन राह्यला असं वाटन."
"देऊळ नको. आहे तसा आवाज हवा."
रफीकभाई यांच्याकडे वळले. "भाऊ, इतक्या कंपन्या फिरलो आपण, पण असा कडक डायरेक्टर नाई पाहिला."
हे हसले. नागपूरनंतर पहिल्यांदा. हसता हसता खोकला आला, तो लवकर थांबेना. रफीकभाई चहा न घेता गेले. माइक टॉवेलासकट ठेवून.

२० नोव्हें.
शेतावरून धान आलं. दरवर्षी मागच्या खोलीत कशीही पोती टाकतात. या वेळी मी उभी राहून तीन भिंतींना लावून घेतली, माणसांचा हात पोचेल तिथवर. भिंत आवाज परतवते, पोतं गिळतं. वर आढ्याला दोऱ्या बांधून दुलया टांगल्या. दाराला आतून घोंगडी. मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा.
टाळी वाजवून पाहिली. टाळी जागच्या जागी मेली. इतकी वर्षं फिजिक्स शिकवलं, कुठेतरी उपयोगी पडलं.
नव्या धानाचा वास भरून आहे.
हे दारातून बघत होते. म्हणाले, "उंदराले बोलावलं का आयकाले?"

२३ नोव्हें.
माइक, डबी, स्टँड आलं. माइक मी वरच्या दर्जाचा घेतला, बारीकसारीक सगळं टिपणारा. पैसे त्यातच गेले, हेडफोन राहिले. डिसेंबरनंतर घेऊ.
माइकसमोर जाळी लागते, नाहीतर प-फ चा फटका बसतो. भरतकामाच्या रिंगेत जुन्या नायलॉन साडीचा तुकडा ताणून बसवला. उत्तम झाली.
राइस मिल सुरू व्हायच्या आत, दोन गाड्यांच्या मध्ये गायचं. जंक्शनजवळ घर घेतलं तेव्हा सोय पाहिली होती.

२४ नोव्हें.
पहिला दिवस.
यांनी दाढी केली, झब्बा घातला, डोक्याला तेल. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, स्टेजला लावतात तसा. आत जाऊन उभे राहिले आणि वर पाहिलं. वर दुलई.
"समोर बघा. माइक समोर आहे."
हळू गायला सांगितलं होतं. सुरुवात हळू झाली. दुसऱ्या ओळीला आवाज चढला, लॅपटॉपवरची आवाजाची रेघ लाल, सगळं फाटलं.
"मागे व्हा. पुन्हा."
पुन्हा तेच.
"खोली आवाज खाऊन राह्यली वं."
"खायलाच हवी. त्याचसाठी पोती लावली."
गोंदियाची गाडी आली. थांबलो. गेली. "पुन्हा."
हाती काही नाही.

२५ नोव्हें.
मध आणि गरम पाणी देऊन सुरू केलं. आज आणखी जोर लावतात. मानेच्या शिरा दिसतात. डॉ. नी सांगितलेलं दोनदा सांगितलं.
"मी हळूच गाऊन राह्यलो, बाई." चिडले की मला बाई म्हणतात, कॉलेजातली पोरं म्हणायची तसं. "मले मीच आयकू येऊन नाई राह्यलो."
"तुम्हाला ऐकायची गरज नाही. माइकला येतंय."
मग गायले. फाटलं. "पुन्हा" म्हटलं.
दुपारी जेवले नाहीत. गिळताना दुखतं म्हणाले.

२६ नोव्हें.
सुट्टी. यांना बोलू दिलं नाही. मीही बोलले नाही.
संध्याकाळी हे अंगणात गेले. कुंपणाशी उभं राहून मोकळ्या बांध्यांकडे तोंड करून काहीतरी गुणगुणले. कापलेल्या धानाची शेतं, पलीकडे सडक. आवाज छान, मऊ लागला होता. मी आतून ओरडले, आवाज जपा म्हणून.

२७ नोव्हें.
"वाट पुसू नको पोरी," इतकं स्वच्छ आलं की मी रेघेकडे बघायचं विसरले. पुढे "पाय". मग नुसती हवा.
मला वाटलं वायर निघाली. वाकून वायर बघत होते. डबीचा दिवा बघितला. वायर ठीक होती.
वर पाहिलं तर हे गळ्यावर हात धरून उभे. ओठ हलत होते.
रुमालाला लाल.

२९ नोव्हें.
नागपूर. लवकर भरती करून घेतलं. आवाज आता कुजबुजीएवढाही नाही. डॉ. म्हणाले, ताण पडला असेल, पण आजार वाढलेलाच होता, असंही कुठल्याही दिवशी गेला असता.
कुठल्याही दिवशी. डिसेंबर लागायला दोन दिवस आहेत.

२ डिसें.
ऑपरेशन चालू आहे. मीना चहा आणायला गेली.
पर्समध्ये डबीसोबतचं माहितीपत्रक निघालं. परत सगळं वाचलं. डबीला पुढे एक भोक आहे, शेजारी हेडफोनचं चित्र आणि बटण. मी समजत होते रेकॉर्डिंग झाल्यावर ऐकण्यासाठी. ते गाताना गाणाऱ्याने कानाला लावायचं. स्वतःचा आवाज त्याच क्षणी कानात येतो, हवा तितका मोठा. मग ओरडावं लागत नाही.
अकरावीला मी दरवर्षी एक प्रयोग घ्यायची. एकाला उभं करायचं, कानात कापसाचे बोळे, आणि धडा वाचायला लावायचं. पोरगं ओरडून वाचायचं, वर्ग हसायचा. मग मी फळ्यावर लिहायची, माणूस कानाने बोलतो.
मीना आली. तिला विचारलं, त्या दिवशी फोनवर काय सांगत होतीस? तिला आठवेना. मग आठवलं. माझ्याकडे पाहून म्हणाली, "काही नाही गं आई."

५ डिसें.
शुद्धीवर आहेत. गळ्यावर नळी. पाटी दिली. पहिलं काय लिहिलं, तर "धान झाकलं का".
झाकलं, म्हटलं.

१९ डिसें.
घरी. नळीची सफाई मी करते.
श्वास आता नाकातून नाही, फोडणीचा वास येत नाही यांना. वांग्याची भाजी पुढ्यात आल्यावर कळते.
बॅटरीवर चालणारं एक यंत्र असतं, गळ्याला टेकवून बोलायचं, आवाज एकसुरी येतो. डॉ. म्हणाले लवकर सवय लावा, महिन्याभरात आणा. यांना विचारलं. पाटीवर "नंतर".
एरवी मी ऐकलं नसतं. पण आधी काय आणि नंतर काय, हे ठरवायला आता जीभ उचलत नाही.

७ जाने.
रफीकभाई. सीझन जोरात आहे. यांची भूमिका सावली गावाकडचा एकजण करतो.
"बरा गाते, भाऊ. तुमच्यासारखा नाई."
यांनी लिहिलं, "पट्टी?"
"काळी दोन."
यांनी काही खोडलं, काही लिहिलं. "उतरवली त्यानं."
"तं काय. तुमच्या पट्टीत गाईन तं दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाईन थो," म्हणाले, आणि मग त्यांच्याच ध्यानात आलं. हे पोट धरून हसत होते. हसण्याचा आवाज नाही, नुसता गळ्यावरचा रुमाल हलतो.
रफीकभाईंना फाटकाशी गाठून सगळं सांगितलं. हेडफोनचं. त्यांनी मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवली. म्हणाले, "भाऊले माहीत आहे का?"
नाही.

१८ जाने.
हेडफोन मागवले. कशाला, ते मलाच ठाऊक नाही.

२२ जाने.
आले. खोका उघडून यांच्यासमोर ठेवला. डबीचं भोक दाखवलं. बटण दाखवलं. हे गाताना लावायचे असतात, म्हटलं. मी शेवटी ठेवले होते.

यांनी हेडफोन हातात फिरवून पाहिले. पाटी घेतली, ठेवली. उठून गायीला पाणी दाखवायला गेले.

३० जाने.
त्या विषयावर पाटीवर काही नाही. औषधं वेळेवर घेतात. माझ्याशी वागणं नेहमीसारखंच. हेडफोन खुंटीला मफलरशेजारी.

९ फेब्रु.
धान मिलला गेलं. दुलया काढून उन्हात टाकल्या. खोली रिकामी. माणसं पोती उचलताना बोलत होती ते चारी भिंतींवरून परत येत होतं.
माइक आणि स्टँड तेवढं मध्ये उभं राहिलं. आवरायला गेले तर यांनी हात धरला.
लॅपटॉप लावायला सांगितलं खुणेने. हेडफोन घालून बसले. तीनही दिवसांचं ऐकलं. मी तोंड बघत उभी. मग हेडफोन माझ्या कानाला लावले.
सगळी मीच. मागे व्हा. समोर बघा. पुन्हा. थांबा, गाडी. पुन्हा. मधे मधे हे. शेवटच्या दिवसाचं तेवढं स्वच्छ, 'वाट पुसू नको पोरी, पाय', आणि त्यानंतर वायर चाचपडल्याची खरखर.
म्हटलं, माझं सगळं कापून टाकते. शिकून घेईन कसं कापायचं.
पाटीवर, "नको".

१० फेब्रु.
सकाळी मिलच्या आधी यांनी मला हाताला धरून माइकसमोर उभं केलं. स्वतः हेडफोन घालून खुर्चीत. बटण फिरवून पाहिलं. बोट दाखवलं, म्हण.
"मला गाता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."
खुर्चीच्या हातावर ठेका धरला.
मी पद म्हटलं, वर्गात कविता म्हणतात तसं. वाट पुसू नको पोरी, पाय ओळखील वाट. मोकळ्या खोलीत माझाच आवाज माझ्या अंगावर आला.
यांनी मान हलवली. पाटीवर लिहिलं, "पुन्हा".
म्हटलं. 'ओळखील'वर यांचं बोट वर गेलं, तिथे चढायचं असावं. मी चढले नाही, चढता आलं नाही.
"पुन्हा".
"शिक्षा करताय का मला?"
माझ्याकडे पाहिलं. पाटीवरचं पुसलं नाही, नवीन काही लिहिलंही नाही. ठेका मात्र चालू.
मी परत सुरू केलं. 'पोरी'ला गाडी आली. माइक सगळं घेतो, यांच्या कानात ती धडधडत असणार. मी थांबायला पाहिलं. यांनी थांब म्हटलं नाही. बोट हळूहळू वर चाललं होतं, 'ओळखील'कडे.