मोरीत ओतलेलं जेल

प्रिय झिपरे,

काल फोनवर तू सारखी विचारत होतीस, काय झालंय, आणि मी खोलीतल्या पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत बसलो. तोंडाने जमत नाही म्हणून लिहितोय. कॉलेज अर्धवट सोडल्यापासून एवढं सलग लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढू नकोस.

इथे बसच्या सांगाड्यांना वेल्डिंग करतो. फोरमन म्हणतो, तुझं डोकं ठिणगीच्या आधी पेटतं. तो तुला भेटलेला नाही, नाहीतर मला गरीब म्हणाला असता.

मागच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा तुझ्या कपड्यांत जेलच्या नळ्या सापडल्या आणि मी घर डोक्यावर घेतलं. तू समजावत होतीस की शिवणकारखान्यामागच्या दवाखान्यात चाचणी चालू आहे, एचआयव्ही रोखण्यासाठीचं जेल, बाईने स्वतःच आत लावायचं, नवऱ्याच्या मर्जीवर अडून राहायचं नाही. गुण येतो की नाही ते अजून ठरायचंय, म्हणून कंडोमही हवाच. तेच जेल लावणारी तुझी मावसबहीण तर हसून म्हणाली होती, आमच्या ह्यांना पत्ताच नाही, उलट हल्ली खूश असतात. मला मात्र एवढंच ऐकू आलं, की बायकोचा माझ्यावर भरवसा नाही. मी ताटावरून उठायला लागलो, तेव्हा तू मोरीतला नळ सोडून एकेक नळी पिळून टाकलीस. रिकाम्या नळ्या परत द्यायच्या असतात, त्या पिशवीत भरल्यास. दवाखान्यातली ताई त्या मोजून तुला शाबासकी देईल, म्हणून आपण किती हसलो. कंडोमचा तर विषयच निघाला नाही. मला वाटलं, प्रेम म्हणतात ते हेच.

इथे ताप हटेना म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं. मग पुन्हा तपासलं. मला एचआयव्ही आहे. तुझ्याशी भांडून पहिल्यांदा इथे निघून आलो होतो, तेव्हाचं असावं. होय, दुसऱ्या बाईकडे गेलो होतो. जेल लावलं असतंस तर वाचली असतीस, असं ताईही छातीठोकपणे सांगणार नाही. पण ती समजतेय की तू ते लावत होतीस. हे पत्र तिकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. मिळाल्याबरोबर तिच्याकडे जा, मोरीतलं सगळं खरं सांग, माझं नाव पुढे कर आणि रक्त तपासून घे. औषधं घेत राहिलं की माणूस नीट जगतो, असं डॉक्टर म्हणतात; मी सुरू केलीत. रविवारी येतो. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मी जिन्यात बसेन, आवाज चढवणार नाही.

तू म्हणशील तोवर तुझाच,
भडकू