कोंडोच्या गाडीतली पुढची जागा

९ ऑक्टोबर, किलिंदोनी

उडालो! या वयात! दार-एस-सलामहून थेट आमच्या बेटावर – अर्ध्या तासात. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डाव्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे निम्माच समुद्र पाहिला म्हणायचं. पण निम्मासुद्धा केवढा! विमानात सगळे गोरे पाणबुडे, मांडीवर बेडकाच्या पंजांसारखी ती पायताणं घेऊन बसलेले. टोपीवाला म्हातारा मी एकटाच. तिकीट हातिबूनं पाठवलं. माझा मुलगा आता साध्या लोकांत राहिलेला नाही – पाणबुड्यांना समुद्राचा तळ दाखवतो, म्हणून विमानवाले त्याला मान देतात.

वर गेल्यावर शाळेतला वर्ग आठवला. खिडकीपलीकडे काजूची झाडं, आणि पन्नास पोरं एका सुरात कविता म्हणतायत. काय ते दिवस! मग माझीच एक ओळ सुचली –

पंख असणाऱ्याला वाट कशाला,
वाटेला मात्र पाऊल हवं.

चांगली आहे. पण लिहिताना कोंडो आठवला आणि आनंद थोडा आंबला. तो बिचारा दवाखान्याच्या दारात गाडी लावून माझी वाट पाहत बसला असणार. इतकी वर्षं दार-एस-सलामहून न्यामिसातीच्या धक्क्यापर्यंत मी त्याच्याच गाडीतून येत आलो, पुढे बोटीनं. पुढची खिडकीची जागा माझी. गाडी कितीही भरू दे, त्या जागेवर कोंडोची टोपी ठेवलेली! मी चढलो की टोपी त्याच्या डोक्यावर.

त्याला निरोप द्यायला हवा होता.

११ ऑक्टोबर

कोंडो बेटावर आला, बायकोसकट. बाजारात, चहावाल्यासमोर, सगळ्यांदेखत गाठलं मला.

"या, या, पंखवाले! अंडी कुठं घालताय सध्या?"

तो नदीकाठचा, मी बेटावरचा. आमच्या दोन्ही लोकांत पिढ्यान्‌पिढ्या उतानी – थट्टेचं नातं. तो मला वाटेल ते बोलणार, मी रागवायचं नाही. रागावलो तर दंड मलाच.

मी म्हणालो, "तुझ्या गाडीत बसून मणके खिळखिळे झाले रे. उरलेले सांभाळायला उडालो."

"गाडीचं नाव काढू नका. विकली. पाणबुडे उडतात, त्यांचे नोकर उडतात, आता मास्तरसुद्धा उडाले! मी काय डासांना फिरवू?"

"मग करतोस काय?"

"समुद्र आहे की. तुमच्या त्या पाणबुड्यांना एक दिवस सगळ्यांना एकदम तळतो, बघाच."

लोक खदाखदा हसले. मीही सोडतोय होय! म्हटलं, "तळ, तळ! आधी तेल तरी आण!"

आणखी हसले. कोंडो हसला की नाही, दिसलं नाही. तो माझ्या पट्टीच्या बाजूला उभा होता.

१४ ऑक्टोबर

धक्क्यावर मारामारी. उतारू विमानानं पळवले म्हणून चिडलेले बोटवाले, आणि डायव्हिंगवाले. वल्ही, साखळ्या, बाटल्या, हाताला लागेल ते. एकाचे दात मी स्वतः वाळूत पाहिले. हातिबूची भुवई फुटली. घरी आला तेव्हा अर्धा चेहरा लाल, आणि हसतोय!

तातू – माझी सून – जखम धूत होती, धुता धुता मला बोलत होती. "बाबा, कोंडोकाका तळतो म्हणाले ती थट्टा नव्हती."

"उतानी आहे ती. जन्मभर ऐकतोय मी."

"उतानीत माणूस बोलून मोकळा होतो. ते मोकळे झालेले दिसले नाहीत."

हातिबू म्हणाला, "अगं, काकांच्या मांडीवर बसून मी गाडीचं चाक फिरवलंय. ते मला मारतील?"

तेवढ्यात दक्षिणेकडून धाप्‌! कपाटातले कप थरथरले. बाटलीत खत आणि रॉकेल भरून, वात पेटवून पाण्यात फेकतात मेले. पोवळ्याचा खडक फुटतो, मासे पोट वर करून तरंगतात. हातिबूनं लहानपणी मला हाताला धरून नेऊन दाखवलेला तो खडक – पाण्याखालची बागच! त्यातलं आता निम्मं चुऱ्यागत पडलंय म्हणतो.

पण म्हणाला, "विमान उतरलं की आवाज थांबतात, बाबा. पाहुणे पाण्यात उतरणार हे त्यांना कळतं. तेवढी लाज आहे अजून."

१६ ऑक्टोबर

पट्टी निघाली. सगळं फार उजेडाचं दिसतंय. तातूच्या केसांत पांढरं आहे, हे मला माहीतच नव्हतं.

१८ ऑक्टोबर

आजचं सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी धावपट्टीवर दगड, नारळाचे ओंडके, जळते टायर. बोटवाल्यांनी ठरवूनच केलं होतं. विमान डोक्यावर दोन घिरट्या घालून परत गेलं. मग पोलीस आले, काठ्या चालल्या. एका बोटवाल्याचा हात कोपरातून उलटा वळलेला पाहिला, वाळक्या फांदीसारखा. कोंडो उघड्या अंगानं धुरात उभा होता. मला पाहून ओरडला, "मास्तर, आज उडणं बंद! चालत जा!"

आणि मी – मी ओरडून म्हणालो, "आज समुद्र तुझाच, बाबा!"

पोलिसांच्या गर्दीतसुद्धा लोक हसले.

हातिबू घरी येऊन म्हणाला, "पाहुणे नाहीत. मग खडकाजवळचा नांगर बुडी मारून बघून येतो. दोरी कुजलीय." चहा अर्धा ठेवून गेला. कप अजून तिथंच आहे.

दुपारी कोंडोची बायको मासा घेऊन आली. मोठा तांबुसा, पानात गुंडाळलेला. "ह्यांनी पाठवलाय. मास्तरांनी मनात काही ठेवू नये म्हणाले." बरं वाटलं मला! रागात का होईना, त्यानं आठवण ठेवली.

तातूनं मासा चिरला आणि मला हाक मारली. पोटात रक्ताचं तळं. मांस चिखलासारखं. काटा तीन ठिकाणी तुटलेला.

"सुरुंगाचा," ती म्हणाली.

बेटावरच्या कुठल्याही बाईला हे कळतं. मी नुसता त्या काट्याकडे पाहत राहिलो. तिनं सुरी खाली ठेवली आणि किनाऱ्याकडे पळत सुटली.

हातिबूला चौघांनी आणला. अंगावर ओरखडासुद्धा नाही! फक्त कानांतून रक्त. भुवईवरची त्या मारामारीतली खपली तशीच.

१८ ऑक्टोबर, दिवस मावळताना

गाव पेटलं. दक्षिणेकडून आलेल्या परक्या मच्छीमारांनी सुरुंग फेकला, असं कुणीतरी म्हणालं. बास! त्यांच्या तिन्ही होड्या किनाऱ्यावर जाळल्या. दोघे पळाले. तिसरा जाळ्यात अडकून पडला. त्याला वल्ह्यांनी मारला. तो ओरडत होता, "आम्ही आजच आलोय! आजच!" मग ओरडायचा थांबला. श्वास चालू होता, चेहरा मात्र चेहरा राहिला नव्हता.

सर्वांत पुढे कोंडो. उजव्या हातानं वल्हं हाणत होता. डावा हात फडक्यात गुंडाळलेला, फडकं रक्तानं आणि रॉकेलनं काळं पडलेलं.

आता माझे दोन्ही डोळे चांगले आहेत. मी स्पष्ट पाहिलं.

"तो नाही! तो नाही!" एवढं म्हणायचं होतं. आयुष्यभर पोरांना मोठ्यानं बोला, मोठ्यानं बोला म्हणून छड्या मारल्या मी. तोंड उघडलं, आवाज आला नाही. कोंडोनं मागे वळून पाहिलं. त्याला कळलं की मला कळलंय.

मासा अजून ताटात आहे. तातू त्याला हात लावू देत नाही.

१९ ऑक्टोबर

हातिबूची कबर खणून झाली. रीतीप्रमाणे उतानीवाला आधी आत उतरून आडवा झाला – कोंडो. आता त्यानं म्हणायचं, जागा माझी, पैसे द्या तर उठतो. आपण नाणं टाकायचं. रडणाऱ्यांनी क्षणभर हसायचं. मी खिशात नाणं घेऊन उभा होतो.

त्यानं काही मागितलं नाही. डोक्यावरची टोपी काढून शेजारी ठेवली, जागा धरून ठेवल्यासारखी. मग खालून माझ्याकडे पाहत म्हणाला –

"विमान आलं नव्हतं हो, मास्तर. टाका माती."

लोक हसले.

मी नाणं खिशातच ठेवलं आणि फावडं उचलून मातीच्या ढिगात खुपसलं. मला कुणी धरलं नाही. सगळे हसत होते.