जनकाबाईचे परतीचे तिकीट

मी, धम्मानंद कोंडीबा खिल्लारे, वय चौसष्ट, टेलिफोन खात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त, राहणार रेल्वे स्टेशनच्या मागे, हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहून ठेवत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, काही पाजलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. पुढचे वाचून त्या दाखल्याबद्दल शंका येईल, म्हणून तारीख पाहून घ्यावी. दाखला कालचाच आहे.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व मागची मोकळी जागा, माझा मुलगा बुद्धभूषण याला द्यावे. मुलगी सपना हिने वाईट वाटून घेऊ नये. तिच्या भावाचे नांदेडचे घर माझ्यामुळे गेले, त्याची ही भरपाई आहे. ते कसे गेले हे मी आजवर धड सांगितले नाही, ते कलम ३ मध्ये लिहितो.

कलम २. पोस्टातली ठेव व जनकाबाईची सोन्याची पोत सपनाची. माझी पक्कड, खांबावर चढायचा पट्टा आणि चाचणीचा फोन इथल्या आयटीआयला द्यावा. शेजारच्या लालसिंगला काहीही देऊ नये. त्याचा फ्रीज मी माझ्या कार्डावर घेऊन दिला, त्याने मला रोख पैसे दिले, इथवर बराबर. पण मग गावभर सांगत सुटला की खिल्लारे उधारीवर जगतो. मी आयुष्यात एकही बिल एक दिवस उशिरा भरलेले नाही.

कलम ३. माझी पत्नी जनकाबाई हिचा थोरला भाऊ जळबा एकाहत्तर साली बांधकामाच्या कामाला पोर्ट ब्लेअरला गेला आणि तिकडचाच झाला. लग्न नाही, लेकरू नाही. पस्तीस वर्षे बहीण-भावाची भेट नव्हती. जहाजाचे नाव काढले की जनकाबाईला भोवळ येई. विमानाचे भाडे आम्हाला झेपणारे नव्हते.

दोन हजार चार साली नांदेडला एका बँकेच्या माणसाने क्रेडिट कार्डाचा कागद पुढे केला. कार्डावर खरेदी करा, गुण जमतील, गुणांवर विमानाचे तिकीट. नवे कार्ड घेतले की सुरुवातीलाच भरघोस गुण मिळत, आणि सगळ्या कार्डांचे गुण एकाच विमान कंपनीच्या खात्यात वळवता येत. म्हणून दोन वर्षांत मी पाच बँकांची पाच कार्डे घेतली. किराणा, औषधे, लोकांचे फ्रीज, जे कार्डावर घेता आले ते घेतले. वर्षाची फी नको म्हणून काम झालेली कार्डे बंद केली. सगळ्यात जुने आधी.

जाण्या-येण्याची दोन तिकिटे झाली. तारीख तेवीस एप्रिल दोन हजार सात. एक मार्चला जनकाबाई वारली. दवाखान्यात ती मला म्हणाली होती, "तुमी आलात न्हाई तरी मला एकटीला पाठवाल का?" त्या वेळी खोलीत आमच्याशिवाय कोणीही नव्हते.

मी ठरल्या दिवशी निघालो. जळबाला फोनवर सांगायचा धीर झाला नाही, समोर बसून सांगू म्हटले. मद्रासच्या विमानतळावर खिडकीतल्या मुलीने मला एकच पास दिला. मी दुसऱ्या तिकिटाचे सांगायला तोंड उघडले, तर तीच म्हणाली, "मैडम तो आगे चली गईं।" मी विचारले, कोण मॅडम? तिने यादीवर बोट ठेवले. जनकाबाईच्या नावापुढे खूण होती. विमानात माझ्या शेजारची जागा रिकामी होती. पट्टा मात्र लावलेला होता. मी तो सोडला नाही.

पोर्ट ब्लेअरला जळबा दारातच उभा. पांढरे केस, हातात काठी. माझ्या पाया पडला आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहून म्हणाला, "दाजी, जनका कुठं गेली? आत्ता तर तुमच्या मागं व्हती. पांढरं लुगडं काहून नेसून आली? कोन वारलं का?"

आमच्या रीतीप्रमाणे जनकाबाईला आम्ही पांढरे लुगडे नेसवूनच नेले होते. मी म्हणालो, "न्हाई, कोनी न्हाई." हे खोटे बोलल्याची कबुली मी इथे देतो.

चार दिवस तो तीन ताटे वाढत होता. परतताना तिच्या तिकिटाचे विचारले, तर खिडकीतला माणूस यादी पाहून म्हणाला, त्या बाई आलेल्या नाहीत.

पुढच्या वर्षी बुद्धभूषणने नांदेडला फ्लॅट ठरवला. कर्जात मी सहअर्जदार. बँकेने नाही म्हटले. शाखाधिकारी माणूस भला, त्याने समजावले. "काका, तुम्ही पैसे बुडवले नाहीत, पण तुम्ही अर्ज केला की दर वेळी बँकेने चौकशी केली, तिची नोंद राहिली. इतक्या थोड्या काळात इतके अर्ज म्हणजे माणूस अडचणीत आहे असा अर्थ निघतो. त्यात जुनी कार्डे बंद केलीत, मग तुमच्या चोख व्यवहाराचं वयच कमी झालं. बँका माणसाची पत ज्या आकड्यावरून जोखतात, तो तुमचा आकडा पडला." नवे कार्ड घेऊ नका, आहे ते एक नीट वापरा, दोन वर्षांत सुधारेल, असे तो म्हणाला. घर विकणारा दोन वर्षे थांबणारा नव्हता. बयाणा गेला, फ्लॅट गेला.

बुद्धभूषण घरी येऊन म्हणाला, "आईला घेऊन गेले असते तर मी एक शब्द बोललो नसतो, बाबा. रिकाम्या खुर्चीपायी माझं घर गेलं." त्यानंतर तो इथे आलेला नाही. खुर्ची रिकामी होती की नाही हे मी त्याला तेव्हा सांगू शकलो नाही. पुढच्या कलमातली पत्रे त्याने वाचावीत.

कलम ४. लोखंडी पेटीत जळबाची सव्वीस पत्रे आहेत. पहिले जून दोन हजार सातचे. "जनका बरी हाय. आधी बोलत नव्हती, आता बोलून राहिली." मी लगेच सगळे खरे कळवले, मृत्यूच्या दाखल्याची नक्कल जोडली. उत्तर आले, "दाजी, असं काहून लिहिता? तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. ती हासली." म्हातारा भ्रमला असे मी धरून चाललो. मग दिवाळीचे पत्र आले. त्यात होते, "जनका म्हनती, एकटीला पाठवलं, पन भेव वाटलं न्हाई."

ते वाचून मी तसाच अंगणात जाऊन उन्हात बसलो. हातपाय गरम होईनात.

विमान कंपनीच्या खात्यात अजून एका माणसाच्या तिकिटाइतके गुण आहेत. मी गेलो नाही. तिथे ती नसली तर? आणि असली तर? ते गुण माझ्याबरोबर संपतील, तसाच तो बँकेचा आकडाही. तो मुलांना चिकटत नाही, एवढी चौकशी मी करून घेतली आहे. बुद्धभूषणने आता एकट्याच्या नावाने अर्ज करावा.

कलम ५. माझ्यामागे जळबामामाला दोघांनी मिळून एक पोस्टकार्ड टाकावे. माझ्या मृत्यूचा दाखला जोडू नये. आई तिथे आहे का, हे विचारू नये. "बाबा निघाले" एवढेच लिहावे.

हे मी वाचून पाहिले, बरोबर आहे. खालील दोघांच्या देखत सही केली.

सही: ध. कों. खिल्लारे

साक्षीदार:
१) विश्वंभर सोनाजी कदम, निवृत्त शिक्षक, हिंगोली. सही.
२) नरसिंग राठोड, पोस्टमन, हिंगोली. सही. पत्रे मीच आणून दिली. शेवटच्या दोन पाकिटांवरचे अक्षर जळबाचे नाही, बाईमाणसाचे आहे.

स्थळ: हिंगोली. दिनांक: बारा नोव्हेंबर दोन हजार नऊ.