ठिपका ओढ्यापलीकडे

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मारितने आज माझ्या खांद्यावर एक काळी डबी बांधली. वीतभर अँटेना, शेवाळी पट्टा. तसलीच डबी रास्कच्या गळ्यात. म्हणजे घरातल्या दोन्ही कुत्र्यांची सोय झाली!

"बाबा, तू कुठे आहेस ते शिकारीच्या टोळीतल्या सगळ्यांना मोबाइलवर दिसेल. निळा ठिपका तू. लाल ठिपका रास्क."

मी विचारलं, मी भुंकलो तर काय दिसतं?

हसली नाही. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर पहिली तीच हसते. म्हणाली, "रास्क एका जागी उभा राहून भुंकायला लागला की लाल ठिपक्याभोवती गोल येतो. म्हणजे त्याने मूस अडवून धरलाय."

हे मला सांगतेय! घोड्याएवढं ते हरिण अडवून धरल्यावरचं भुंकणं मी तिला ऐकायला शिकवलं, ती माझ्या खांद्यावर बसायची तेव्हा. तेव्हा डब्या नव्हत्या. सगळे घरी यायचे.

३० ऑगस्ट

शिकार सुरू होण्याआधी सगळी टोळी रुळावरून पळणाऱ्या लाकडी मूसवर गोळ्या झाडून हात साफ करते. माझी बायको सिगने होती तेव्हा सगळ्यांसाठी कॉफी आणि चीजचे तुकडे घेऊन यायची. यंदा मारित म्हणाली, "राहू दे रे. तुला काय शिकायचंय?" बरं वाटलं. मग वाटलं, बाकीचे तर सरावाला गेले.

माझी बंदूकही तिनेच साफ करायला नेली. संध्याकाळी आणून कपाटात ठेवली, तेलाने चकचकीत. आयुष्यभर माझी बंदूक मीच साफ केली. पोर प्रेमाने करते म्हणून करू दिलं. पण हे एकदम प्रेम कुठून आलं ते कळलं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस. काय झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण मला अजून उलगडलेलं नाही.

दरवर्षी टोळीच्या झोपडीत पत्ते पिसतात आणि ज्याला जो पत्ता येईल त्या नंबरच्या मचाणावर तो बसतो. वशिला नाही, मान नाही. माझ्या आजोबांच्या वेळेपासून असंच. आज पत्ते माझ्यापर्यंत आले आणि तोर्ग्नीने ते पुढे सरकवले. तोर्ग्नी आता टोळीचा म्होरक्या. बंदूक धरायला मीच शिकवला त्याला. म्हणाला, "आल्गोतकाका, तुम्ही वडीलधारे. तुम्हाला आठ नंबर."

आठ नंबर म्हणजे नव्या रस्त्याला खेटून. तिथे मूस येत नाही, लाकडांचे ट्रक येतात. हा मान आहे की कोपऱ्यात बसवणं आहे? कुणी वर पाहिलं नाही. सगळे बूट बांधत होते.

गेलो. बसलो. एकदा बसलं की म्होरक्याने सांगेपर्यंत हलायचं नाही, हा नियम मी कधी मोडला नाही. धुकं होतं. मग वॉकी-टॉकीवर तोर्ग्नी, "काका, तुम्ही ओढ्यापलीकडे दिसताय."

मी म्हटलं, मी आठ नंबरवर आहे.

"ठिपका ओढ्यापलीकडे आहे, काका."

"मग ठिपक्याला अलीकडे बोलाव!"

वॉकी-टॉकीवर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. थोड्या वेळाने तोर्ग्नी स्वतः आला आणि माझ्या कोपराला धरलं. म्हातारीला रस्ता ओलांडायला धरतात तसं. ओढ्यावरची फळी ओलांडली, आणि तिथे शिडी, वर फळ्या, पिवळ्या रंगात आठचा आकडा. मी बसलो होतो तो एक दगड होता.

पण मी ओढा ओलांडलाच नव्हता. शपथेवर सांगतो. बूटही कोरडे होते. फळीवरून गेलो असेन तर फळी आठवायला नको?

२ सप्टेंबर

घरचा जुना कागदी नकाशा पसरून बसलो. नकाशात जिथे स्प्रूसची दाट झाडी आहे तिथे लाकडाच्या कंपनीने सगळं कापून टाकलंय. वीज पडून जळलेलं ते मोठं झाड माझी खूण होती, ते गेलं. मेंढ्या पाणी प्यायच्या ते डबकं बुजवून रस्ता केला. माणूस खुणांवर चालतो. खुणा उचलून नेल्या तर चुकी कोणाची?

हे मारितला सांगितलं. "बरोबर आहे बाबा," म्हणाली. फार लवकर म्हणाली.

३ सप्टेंबर

रास्कला मी तीनदा जेवण दिलं म्हणे. त्याने तर एकदाही नको म्हटलं नाही.

४ सप्टेंबर

मूसची एक मादी मिळाली. सोलून टांगली. झोपडीत पाल्ट, बटाट्याचे मांस भरलेले गोळे, उकडले होते, वर लोणी आणि लिंगनबेरीचा आंबट मुरंबा. मी चार खाल्ले आणि बरं वाटलं.

हात धुवायला बाहेर गेलो तर पडवीच्या टोकाला मारित आणि तोर्ग्नी. मारित म्हणत होती, "एवढ्या वर्षापुरतं. मी सगळी काळजी घेतलीय. त्याला टोळीतून काढलं तर तो हिवाळा काढणार नाही." तोर्ग्नी म्हणाला, "मला फक्त ठिपका जागेवर दिसू दे."

मी खोकलो. दोघं हवामानावर बोलायला लागली.

मग तोर्ग्नीने मला बाजूला बसवून समजावलं. त्याचा सूर लहान पोराशी बोलावं तसा होता, पण मुद्दा खरा होता. म्हणाला, "काका, आता चाप ओढायच्या आधी प्रत्येक जण मोबाइलचा पडदा बघतो. कोण कुठे आहे ते दिसतं. त्या अंगाला ठिपका नाही, म्हणजे माणूस नाही. तुमचा ठिपका खोटा पडला तर सगळा हिशोब खोटा." पटलं मला. मी काय मूर्ख आहे?

पण कसली काळजी घेतली तिने? आणि मला टोळीतून काढायचं घाटत होतं, ते कधी? मला कोणी बोललं नाही. भीती वाटली. सिगने गेल्यावर माझ्याकडे हेच राहिलंय — सप्टेंबर, ही माणसं, झोपडीतला धूर.

६ सप्टेंबर

बेरी वेचायला गेलो होतो. दलदलीच्या कडेला नराच्या खुरांचे ठसे, माझा पंजा आत मावेल एवढे. बाजूच्या रोवन झाडाची साल शिंगं घासून उतरवलेली, ओली होती. म्हणजे तो आत्ताच, इथेच!

तोर्ग्नीला सांगितलं. "हो हो काका, बघू." मारितला सांगितलं. तिने विचारलं, "नक्की कुठल्या दलदलीपाशी?" तेव्हा मला नाव आठवेना. नाव आठवत नाही म्हणून काय ठसे खोटे?

तो नर मी मारून आणला तर कोणाची छाती आहे मला काढायची.

७ सप्टेंबर, रविवार

ठरलं. डबी मचाणावर बसेल, मी जाईन.

८ सप्टेंबर, सोमवार

कोटही न काढता लिहायला बसलोय.

सकाळी तोर्ग्नीने गाडीने थेट आठ नंबरच्या शिडीपाशी सोडलं. तो गेल्यावर डबी खांद्यावरून सोडली आणि शिडीच्या वरच्या पायरीला टांगली. ठिपका जागेवर, तोर्ग्नी खूश. मी वारा तोंडावर घेत दलदलीकडे निघालो. तोवर मन अगदी हलकं होतं. लहानपणी शाळा बुडवून जायचो तसं.

दलदल डाव्या हाताला लागायला हवी. उजव्या हाताला लागली. म्हटलं, वळसा पडला असेल. पुन्हा चाललो. मग माझेच बुटांचे ठसे दिसले, पाणी भरलेले. धुकं नव्हतं, सूर्य स्वच्छ होता, आणि सूर्य चुकीच्या जागी होता. हे मी कुणाला सांगू शकत नाही. सूर्य चुकत नाही हे मलाही कळतं. बर्चच्या एका पडलेल्या खोडावर बसलो आणि वाटलं, ओरडावं. पण ओरडायला मुळात आपण हरवलोय असं म्हणावं लागतं.

तेवढ्यात रास्क. आधी दोन-तीन तुटक, मग एकसारखं, एका जागेवरून. अडवलाय! पाय आपोआप निघाले. जिवात जीव आला — कुत्र्याच्या आवाजाकडे जायला नकाशा लागत नाही.

छोट्या स्प्रूसची दाट जाळी होती. रास्क समोर भुंकत होता. डावीकडे खाली काहीतरी हललं. तपकिरी. थांबलं. पुन्हा हललं, जमिनीलगत, माझ्याच दिशेने. मी गुडघा टेकला, श्वास सोडला, चाप ओढला.

खट्.

काडतूस दमट. ते काढून खिशात टाकलं, दुसरं चढवलं. तपकिरी अजून तिथेच, आता अगदी स्थिर. चाप ओढला. पुन्हा खट्.

आणि उजवीकडे फांद्या मोडल्या, शिंगं झाडांवर आपटत गेल्याचा आवाज आला, रास्क त्याच्यामागे. गेला!

मग "बाबा?" असा आवाज. मारित जाळीतून बाहेर आली. चेहरा पिठासारखा पांढरा. टोपी फांदीने ओढून मागे दोरीवर लोंबत होती, माणूस ओळखू यावा म्हणून तिच्यावर लावलेली केशरी पट्टी पाठीवर. कुत्रा मूस अडवून धरतो तेव्हा त्याच्यापर्यंत रांगत जावं लागतं, तशी ती आली असणार. पँट गुडघ्यांपर्यंत चिखलाने भरलेली होती.

"तू आठ नंबरवर आहेस," ती म्हणाली. मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघ. तू आठ नंबरवर आहेस. मी आत शिरायच्या आधी पाहिलं. तू आठ नंबरवर आहेस." तेच तेच म्हणत राहिली. निळा ठिपका खरंच तिथे होता, शहाण्यासारखा बसलेला.

मला वाटलं आता मी चांगलाच बोलणी खाणार. नाही. तिने माझ्या हातातून बंदूक घेतली, काडतुसं काढली, स्वतःच्या खिशात घातली आणि माझी बाही धरली. गाडीपर्यंत सोडली नाही. मधे एकदा थांबून ओकली.

मी म्हटलं, नर डावीकडून आला होता, बघितलास का? ती म्हणाली, "तो पूर्ण वेळ उजवीकडे होता."

मी डावीकडे पाहिला. डोळ्यांनी पाहिला. दोन मूस असावेत.

९ सप्टेंबर

शिकार बंद ठेवलीय. का, ते कोणी सांगत नाही. मारित खाली सोफ्यावर झोपते आता. कपाटाची किल्लीही तिच्याकडे.

१० सप्टेंबर

तोर्ग्नी आला. टोपी हातात घेऊन बसला, कॉफी प्याला नाही. "काका, यंदा इतकंच. पुढच्या वर्षीही... झोपडीत या, पाल्ट खायला या, मूस सोलायला या. बंदूक नाही."

मी खूप बोललो. तुझ्या बापाला दलदलीतून ओढून काढला तो मी, हेही बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. जाताना म्हणाला, "मचाणावर नुसती डबी होती, काका. आम्ही सगळे त्या डबीवर विश्वास ठेवून बंदुका उचलत होतो."

डबी टांगताना मला फक्त तोर्ग्नीला फसवायचं होतं. बंदुका असलेली बाकीची माणसं डोक्यातच आली नाहीत.

मारितला विचारलं, माझ्यावर रागावलीस? "नाही," म्हणाली. माझ्या ताटातला बटाटा सोलून दिला. मी सोलू शकतो बटाटा.

११ सप्टेंबर

खिशात सोमवारचं काडतूस सापडलं. दमट काडतूस उडत नाही, पण बंदुकीतली पिन आपटते तिची खूण त्याच्या बुडावर राहतेच. हे बूड कोरं आहे. नव्यासारखं. खिडकीपाशी नेलं, भिंग लावलं. काही नाही. चाप तर मी ओढला होता, खट् ऐकलं होतं.

काही कळत नाही.

१२ सप्टेंबर

बंदूक कपाटात बंद आहे, पण घरात शिरताना तिचा बोल्ट, पिन असलेला सरकता दांडा, काढून स्वयंपाकघराच्या खणात ठेवायची माझी जुनी सवय. सोमवारीही मारितने बंदूक कपाटात ठेवण्याआधी काढून ठेवला होता. आज उघडला. आत पिन नाही. मारितने साफ करायला नेली तेव्हाच काढून घेतलेली.

मूस एकच होता. उजवीकडे. डावीकडे मारित होती, आणि मी चाप दोनदा ओढला.