तबकडीवर स्विस, झाकणाआत मी

५ मार्च १९७४, मंगळ. परतूर
सकाळचं पंचशील म्हटलं, दुकान उघडतो तोच कमलचे सासरे सोपानराव आले. जयभीम झाला. रुमालातून घड्याळ काढलं. कमलच्या बापानं, नामदेवनं, लग्नात त्यांच्या मुलाला दिलेलं.
"मिस्त्री, लोक नकली म्हन्तेत. बराबर बघा अन् कागदावर लिहून द्या. स्विस असंल तर ठीक. न्हाई तर सुनेला बापाकडं सोडतो, असली घेऊनच ये म्हनावं."
पाहताच ओळखलं. बोललो एवढंच, रविवारी या.

६ मार्च, बुध.
झाकण उघडलं. आत माझीच खूण, सुईनं कोरलेली, तारखेसकट. दर दुरुस्तीला कोरतो. लग्नाआधी हे जुळवलं, त्या दिवशीही हात आपोआप गेला.
नामदेव माझा गाववाला. घड्याळ त्यानं शहागडला एका ट्रकवाल्याकडून घेतलेलं, मशीन गंजलेलं, लग्न चार दिवसांवर. "दादा, कसंबी चालू कर. तबकडी तेवढी ऱ्हाऊ दे." जपानी मशीन घातलं; तबकडीमागचे खिळ्यासारखे पाय त्यात बसेनात, ते कापून ती चिकटवली. कुणाच्या मनगटावर जाणार, ठाऊक होतं.
दीक्षा घेतली, तरी लग्नात घड्याळ मागणं सुटलं नाही. आणि मी...

८ मार्च, शुक्र.
सुटे भाग विकणारा मुंबईचा व्यापारी सांगे, तबकडीवरचं 'स्विस' हे नाव मशीनचं. केस, पट्टा कुठलाही चालतो. मशीनही किमतीनं निम्मं स्विस असलं की पुरे. दिवसभर ते निम्मं जुळवत बसलो. भरत नाही.
नामदेव आला.
"स्विस लिही, दादा. उघडून कोन बघतंय?"
"मी बघितलं ना."
"कमल तुला काका म्हन्ते."
चहा तसाच ठेवून गेला.

९ मार्च, शनि.
चौथ्या शीलापाशी जीभ अडली. खोटं बोलणार नाही, हे रोज म्हणतो.
बारीक पॉलिशकागद काढला. दोनदा घासलं की खूण जाईल. मग हे काम कुणाचं, कोण सांगणार? कागद परत खणात.

१० मार्च, रवि.
सोपानरावांचा निरोप आला: दुपारच्या गाडीनं येतो, घड्याळ माझ्यासमोर उघडा. कमलही सोबत आहे म्हणे, पेटी घेऊन.
घड्याळ साफ केलं, तेल दिलं. बिचारं वेळ बिलकुल बरोबर दाखवतं. झाकण लावताना हात सवयीनं सुईकडं गेला. थांबवला नाही. जुन्या खुणेखाली आजची तारीख कोरली.
चिठ्ठीवर सोपानरावांचं नाव लिहून झालं. पुढं कोरं.
स्टेशनात गाडी शिरल्याचा आवाज येतोय.