खैरी धरणाचा धोक्याचा भोंगा न वाजविण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब,
खैरी लघु जलविद्युत प्रकल्प,
मुक्काम अचलपूर.

विषय : सोमवार दि. १० फेब्रुवारी रोजी सकाळी नऊ वाजता धोक्याचा भोंगा न वाजविण्याबाबत.

संदर्भ : १) क्षमता चाचणीचे आपले पत्र दि. ३० जानेवारी. २) अर्जदाराचा परत आलेला अर्ज.

मा. साहेब,

अर्जदार देवानंद बुधाजी तायडे, वय ४४, हा खैरी धरणाच्या कंट्रोल रूममध्ये तीन वर्षांपासून कंत्राटी ऑपरेटर आहे. त्याचा आधीचा अर्ज "मी, मला फार झाले, मजकूर वैयक्तिक वाटतो" असा शेरा मारून परत आला. म्हणून या अर्जात सर्वत्र 'अर्जदार' असे लिहिले आहे. भीती मात्र जुनीच आहे, ती बदलता आली नाही.

१. धरणाची सगळी यंत्रे परदेशी कंपनीने बसविली, हे आपणास ठाऊकच आहे. पॅनलवरची अक्षरे इथे कोणाला वाचता येत नाहीत, अर्जदार रंगावरून काम करतो. हिरवे बटण दाबले की आधी भोंगा वाजतो, दोन मिनिटांनी टर्बाईन फिरते आणि शेतीच्या विजेची लाईन येते. टर्बाईनमधून सुटलेले पाणी बारा मिनिटांनी खाली पिंपळखुट्याच्या नदीपात्रात पोचते. हा क्रम कंपनीचे लोक कुलूपबंद करून मायदेशी गेले. तो बदलण्याबद्दल विचारले असता 'यंत्र ठरल्याप्रमाणे चालत आहे' असे उत्तर आले. यंत्र खरोखरच ठरल्याप्रमाणे चालत आहे, अर्जदाराची तक्रार माणसांविषयी आहे.

२. उद्घाटनाच्या दिवशी कंपनीच्या इंजिनिअरने दुभाष्यामार्फत गावाला बजावले होते की भोंगा वाजला की नदीतून बाहेर निघा. अर्जदार तेव्हा तिथेच उभा होता. पण गेल्या महिन्यापर्यंत एकच टर्बाईन चालले, त्याचे पाणी येई ते घोट्याएवढे. धोका कोणी पाहिला नाही. भोंग्यामागून लाईन येते, एवढे मात्र रोज पाहिले. आता पिंपळखुट्यात 'लाईन आली का' असे कोणी विचारत नाही, 'भोंगा झाला का' असे विचारतात. साहेब, भोंगा वाजला की हे लोक नदीतून पळत नाहीत. ते नदीत पळतात.

३. त्याचे कारण असे की मोटारी काठावर आहेत आणि पाणी वाळूतल्या डोहांत. पाईपचे तोंड डोहात सोडायला माणसाला पात्रात उतरावेच लागते. पहिल्या आठ-दहा मोटारींना दाब मिळतो, उशिरा आलेल्यांच्या नुसत्या घुमत राहतात. सध्या संत्र्याचा आंबिया बहार धरला आहे, पाण्याची पाळी चुकली तर फूल गळून वर्ष हातचे जाते. त्यामुळे भोंगा झाला रे झाला की बाया-माणसे वाट मिळेल तिथून नदी गाठतात.

४. दि. २१ जानेवारीस आपल्या आदेशाने दुसरे टर्बाईनही वीस मिनिटे चालविले. पाणी कमरेएवढे आले. बाकीचे कसेबसे काठावर निघाले, सुभद्राबाई ही एकटी बाई पाईपला मिठी मारून राहिली म्हणून वाचली. अर्जदाराने धावत जाऊन तिला काठावर ओढले आणि रागाने विचारले की पाणी दिसत होते तर निघाली का नाही. ती म्हणाली, "लाईन आल्ती ना बावा, मंग मोटर सोडून मी कुठी जाऊ?" अर्जदाराने हे सगळे लेखी कळविले. त्यावर निष्कर्ष निघाला की सदर महिलेस भोंगा ऐकू गेला नसावा, आणि कंपनीकडून मोठा भोंगा मागविण्यात आला. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली ही गत आहे. जुना भोंगा तीन गावांना ऐकू जाई, नवा सात गावांना जातो. परवा बुधवारी, एकाच टर्बाईनच्या पाळीला, तो प्रथम वाजला, तेव्हा पात्रात त्रेसष्ट माणसे उतरली. अर्जदाराने कंट्रोल रूमच्या खिडकीतून दुर्बिणीने दोनदा मोजली. त्यातली काही तर पलीकडच्या गावची होती, आपल्यालाही लाईन मिळते का ते पाहायला आलेली.

५. अर्जदाराने घरोघर फिरून समजावले. दवंडी दिली, देवळात आणि विहारात दोन्हीकडे सांगितले. ज्येष्ठ बागायतदार किसनराव यांनी ऐकून घेतले आणि हसून म्हणाले, "देवा, भोंगा तूच वाजवतं, लाईन तूच देतं, अन् आता नदीत येऊ नका बी तूच म्हणतं? एक काहीतरी सांग ना." अर्जदार पुढच्या घरी गेला.

मग त्याने निदान घरच्यांना तरी वाचवावे म्हणून पत्नी ललिता हिला चार दिवस बसवून समजावले. पाणी किती, किती मिनिटांनी, सगळे. तिला पटले. तिने मुलीची शपथ घेतली. बुधवारी मोजलेल्या त्रेसष्टांत बावन्नावी ललिता होती. साहेब, अर्जदाराने तिला पदरावरून ओळखले. घरी आल्यावर ती रडत म्हणाली, "मले समदं मालूम होतं हो. पण भोंगा वाजला अन् पाय निंघालेच." तेव्हापासून अर्जदाराला जेवण जात नाही. ज्याला माहीत नाही त्याला सांगता येते. जिला माहीत आहे तिला काय सांगावे?

६. येत्या सोमवारी क्षमता चाचणीसाठी दोन्ही टर्बाईन चालवून धरणाचा दरवाजाही त्याच वेळी उघडणार आहेत. आपल्याच पत्रानुसार पिंपळखुट्याला पाणी सात फूट येईल. सुभद्राबाई पाच फूटही नाही. त्याच पत्रात 'जीवितहानी टाळण्यासाठी भोंगा पूर्ण क्षमतेने वाजवावा' असे आहे. लाईन तोडून ठेवली तरी उपयोग नाही. लोक येतील आणि लाईनची वाट पाहत तिथेच बसतील.

७. तरी विनंती अशी की त्या दिवशी भोंग्याची तार सोडवून भोंगा बंद ठेवावा. भोंगा नाही वाजला तर नदीत कोणी उतरणार नाही, आणि पाणी रिकाम्या वाळूवरून निघून जाईल. पुढे महिनाभर लाईन आधी देऊन भोंगा वेगळ्या तारेवरून वेगळ्या वेळी वाजवावा, म्हणजे पायांची सवय मोडेल. नियमात बसत नसेल तर नियमाची प्रत मिळावी, अर्जदार ती ललिताला वाचून दाखवील.

८. परवानगी न मिळाल्यास अर्जदार सोमवारी हिरवे बटण दाबणार नाही. आपण व कंपनीचे पाहुणे नऊ वाजता कंट्रोल रूममध्ये असणारच आहात, तरी बटण आपणच दाबावे. ते उजवीकडून दुसरे आहे. दाबण्यापूर्वी कृपया खिडकीतून एकदा खाली पाहावे. आठ वाजल्यापासून अर्जदार पात्रात मधोमध उभा असेल, भोंगा झाला की लोकांना मागे लोटायला. त्याने पांढरा सदरा घातलेला असेल.

आपला घाबरलेला, तरीही नम्र,
देवानंद बुधाजी तायडे
पिंपळखुटा, दि. ७ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) परत आलेला अर्ज, शेऱ्यासह.
२) बुधवारी पात्रात उतरलेल्या ओळखीच्या माणसांची नावे.
३) कंट्रोल रूमची किल्ली.