एकवीस सालचा डॉलर

७ जानेवारी १९८०, सोमवार

आज चार पोती उपसली. एकेकात हजार चांदीचे डॉलर. बोटं काळी झाली आहेत, साबणाने जात नाहीत. बायको, व्हर्ना, म्हणाली, "त्या हातांनी माझ्या टॉवेलला शिवलास तर बघ!"

चांदी वेड्यासारखी चढते आहे. मायलोच्या दुकानापुढची रांग कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत गेली होती. उणे वीस थंडीत! लोक काय काय आणतात — चमचे, किटल्या, कुणा बाळाचा खुळखुळा. आणि डॉलर. कॉफीच्या डब्यांतून, मोज्यांतून, उशीच्या अभ्र्यांतून. मायलो पुढे बसून विकत घेतो. मी पडद्यामागे बसून निवडतो. दुर्मिळ साल दिसलं की बाजूला, बाकीचं परत पोत्यात. शुक्रवारी ट्रक येतो आणि पोती भट्टीत जातात.

मायलोचा बाप माझ्याबरोबर खाणीत होता, म्हणून तो मला काका म्हणतो. पण धंद्यात काका-बिका नाही. पहिल्याच दिवशी बजावलं — "निवडणाऱ्याने स्वतःसाठी एकही उचलायचं नाही. घरचीच माणसं हात मारायला लागली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" बरोबर आहे त्याचं.

९ जानेवारी

सहा पोती. काही नाही.

१० जानेवारी, गुरुवार

उद्या ट्रक. उद्या वीस हजार चेहरे वितळणार. काल दिवसभर छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत होतं, म्हणून आज लिहून टाकतो. ही वही व्हर्ना वाचत नाही. तिला वाटतं यात नाण्यांची सालं आहेत.

मी नाणी जमवतो असं सगळं ब्यूट गाव मानतं. तळघरात निळ्या पुठ्ठ्याचे अल्बम, प्रत्येक सालाला एक भोक, भोकात एक डॉलर. प्रदर्शनात दोनदा बक्षिसाची फीत मिळाली आहे. पण मी नाणी जमवत नाही. मी एक नाणं शोधतो आहे. जे 'ते नव्हे' असं ठरलं ते अल्बमात गेलं, इतकंच.

आमच्या खाणवाल्यांत मूल सहा वर्षांचं झालं की बाप त्याला त्याच्या जन्मसालचा डॉलर देई. धाकट्या डेनला एकवीस सालचा मिळाला. त्या साली डॉलर ढिगाने पाडले होते. मी सतरा सालचा. आणि एकोणीसशे चार सालानंतर सोळा वर्षं सरकारने एकही डॉलर पाडला नाही! बाबांनी मला चार सालचाच आणून दिला. "जवळचाच आहे रे," म्हणाले. तेरा वर्षं आधीचा, आणि म्हणे जवळचा. मी तेव्हा सहा वर्षांचा. मला वाटलं, मी जन्मलो हे सरकारदरबारी कुणाला कळलंच नाही.

मग डेनला त्याचा मिळाला. कोरा, चकचकीत. मी दहा वर्षांचा घोडा. कोठीत नेऊन खिळ्याने त्यावरच्या बाईच्या गालावर ओरखडा काढला. कानापासून हनुवटीपर्यंत, खोल. आईने विचारलं तेव्हा डेन म्हणाला, "माझ्याच हातून पडलं." सहा वर्षांचं पोर! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आमचं भांडण झालं की मी खोलीत शिरून दार लावून घेई. दाराखाली तीन बोटं फट. थोड्या वेळाने डेनचा डॉलर फटीतून घरंगळत येई. मी परत सोडला की भांडण मिटलं. ठेवून घेतला तर नाही मिटलं. बोलायचं काही नाही. मी नेहमी परत सोडत असे. कधी लगेच, कधी त्याला जेवणापर्यंत ताटकळत ठेवून. पण सोडत असे.

एकदाच नाही सोडला.

एकोणपन्नास साल. बाबांना खाणीच्या धुळीने नेलं, त्याला आठवडा झाला होता. डेन म्हणाला, "मी आता खाली उतरणार नाही, ॲन्सेल. मला श्वास हवाय." मी म्हणालो, "भित्रा! बाबांची जागा अजून गार नाही झाली. जा, चालता हो, आणि पुन्हा इकडे फिरकू नकोस." दार आपटून आत गेलो. घरंगळत आलाच! अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, आणि दाराखालून डॉलर सोडतो. मी तो बुटाने थांबवला. उचलून टेबलावर ठेवला आणि मागच्या दाराने पाळीला गेलो. परत आलो तर डेन नव्हता. डॉलरही नव्हता.

दोन वर्षांनी अलास्काहून कागद आला. मासळीच्या कारखान्यात आग, कामगारांची चाळ जळाली, यादीत डेन्झिल ट्रेगियर. ओळख पटेना म्हणून सगळ्यांना एकत्र पुरलं. आईने एकच विचारलं — डॉलर सापडला का? नाही सापडला. त्रेसष्टात ती गेली, तोवर दर ख्रिसमसला डेनची थाळी मांडत होती. मी समोर बसून जेवत होतो. कसा जेवलो, देव जाणे.

तेव्हापासून बघतो आहे. पगार डॉलरमध्ये मिळायचा, दारूच्या गुत्त्यात सुट्टे डॉलर मिळायचे — प्रत्येक उलटून बघायचा. लोक हसायचे. 'ॲन्सेलला सुट्टे देऊ नका, सकाळ होईल!' हसू देत. ते नाणं त्याच्याबरोबर जळलं असेल तर मी त्याला मारलं. कुठे फिरत असेल तर… तर काय, तेही मला माहीत नाही.

११ जानेवारी

ट्रक गेला. मी प्रत्येक बघितलं होतं. प्रत्येक.

१४ जानेवारी, सोमवार

सकाळी पडद्यापलीकडे एक गिऱ्हाईक. घसा असा बसलेला की तव्यावर वाळू घासल्यासारखा आवाज. त्याने मायलोला विचारलं, "ही नाणी कोणी बघतं का, की सरळ भट्टीत?"

मायलोला कुणी विचारायचाच अवकाश! "बघतं म्हणजे? माझे ॲन्सेल काका आत बसलेत. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय एक नाणं पुढे जात नाही."

"प्रत्येक?"

"प्रत्येक! नजर घारीची आहे म्हाताऱ्याची."

मला हसू आलं. लोकांना संशय फार, आपला ठेवा कवडीमोलाने गेला की काय म्हणून. जरा वेळाने बाहेर डोकावलो तर दारात फक्त थंड वाफ. पुढची बाई सहा काटे घेऊन उभी.

१५ जानेवारी

रात्री बर्फ पडला. सकाळी फाटकापर्यंत बुटांचे ठसे आलेले, आणि तिथूनच मागे वळलेले. टपालवाला एवढ्या लवकर येत नाही. व्हर्ना म्हणाली, "कुणाचा तरी पत्ता चुकला असेल. चल, ताटातली पेस्टी गार होतेय."

१६ जानेवारी, बुधवार

सापडला.

दुपारी, तिसरं पोतं, जेवायच्या आधी. एकवीस सालचा, झिजून गुळगुळीत. बाईचे केस गेले आहेत, गरुडाची पिसं गेली आहेत. गालावरचा ओरखडा तेवढा आहे. कानापासून हनुवटीपर्यंत. त्यात अंगठा बरोबर बसतो. इतकी वर्षं कुणीतरी त्यावरून अंगठा फिरवत राहिलं आहे, ओरखड्याच्या कडा अगदी मऊ झाल्या आहेत. माझा खिळा!

मी ओरडलो नाही. मायलो पुढे कुणाशी तरी हुज्जत घालत होता. एकवीस सालचा, झिजलेला, वर खरवडलेला — असलं नाणं तर सगळ्यात आधी भट्टीत जायचं. त्याला काय सांगणार होतो? हे मला हवंय? का हवंय? तीस वर्षं बायकोला सांगितलं नाही, ते या पोराला सांगू?

खिशात टाकला. माझा चार सालचा मी कायम जवळ बाळगतो, तो पोत्यात टाकला. हजाराला हजार. मोजणीत कमी भरायला नको.

बासष्ट वर्षांत पहिल्यांदा चोरी केली.

१७ जानेवारी

झोप नाही. कुणी विकला? दुकानात दिवसाला तीनशे माणसं येतात. मायलोला विचारावं तर सगळं सांगावं लागेल. आणि विचारून कळणार काय? जळालेल्या माणसाच्या खिशातून कुणीतरी काढून घेतला असणार. त्या कुणाचं नाव मला हवं आहे का? समोर आला तर मी त्याचा गळा धरीन. की पाय धरीन, डेन शेवटी कसा होता ते सांग म्हणून?

दुपारी व्हर्ना खिडकीतून म्हणाली, "अरे, फाटकाशी एक माणूस उभा आहे. डोळ्यांपर्यंत मफलर. गॅसवाला का?"

मला वाटलं, तोच. डेनला लुटणारा. नाणं ओळखलं गेलं हे त्याला कळलं आणि तो मागावर आला. मी म्हणालो, "पडदा ओढ. दार उघडू नकोस."

"वेड लागलंय का तुला? थंडीत उभा आहे बिचारा!"

"उघडू नकोस म्हटलं ना!"

आवाज चढला माझा. तिने पडदा ओढला. पंधरा मिनिटांनी पडदा जरा सरकवला, तर कुणी नव्हतं.

१८ जानेवारी

ट्रक गेला. माझा चार सालचाही गेला. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२० जानेवारी, रविवार

चर्चहून आलो. व्हर्ना स्वयंपाकघरात. मी खोलीत बसलो होतो तेवढ्यात ऐकलं — फळ्यांवरून घरंगळत येणारा डॉलर. आधी लांब, मग जवळ, मग गिरकी घेऊन आडवा पडतो तो आवाज. उठून पाहिलं. काही नाही. खिशात हात घातला. आहे.

व्हर्नाला विचारलं, "काही ऐकलंस?"

"उंदीर असेल," म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून खुर्ची ओढून बसली. "ॲन्सेल, तुला काय झालंय? आठवडाभर तू या घरात नाहीस."

मी सांगितलं. सगळं. खिळा, दाराखालची फट, एकोणपन्नास साल. डॉलर तिच्या तळहातावर ठेवला. तिने ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि रडायला लागली. म्हणाली, "तीस वर्षं मी त्या तळघरातली धूळ पुसतेय, आणि तू मला आत्ता सांगतोस!"

मग म्हणाली, "उद्या मायलोला विचार. चोर म्हणेल तर म्हणू दे."

२१ जानेवारी

नाही विचारलं. भाव कोसळला म्हणे, दुकानात नुसती आरडाओरड. हे खरं कारण नाही. मला भीती वाटते. आज डेन माझ्या खिशात आहे. विचारलं की तो पुन्हा त्या आगीत जाईल.

२३ जानेवारी

व्हर्ना बोलत नाही. टेबलावर थाळ्या मात्र तीन मांडल्या होत्या.

२४ जानेवारी, गुरुवार

रांग संपली. दुकान मोकळं. मी निघताना मायलो काउंटर पुसता पुसता म्हणाला, "काका, एक गंमत सांगायची राहिली. तो घसा बसलेला माणूस आठवतो? तुम्ही प्रत्येक नाणं बघता का म्हणून विचारत होता. एकच डॉलर विकला त्याने, खरवडलेला. हात भाजल्यासारखे, कातडी नुसती चकाकत होती. शनिवारी पुन्हा आला. बसचं तिकीट हातात. म्हणतो, 'गालावर ओरखडा होता. आतून परत आला का?' मी म्हटलं, नाही हो, काकांनी बघून टाकला असणार पोत्यात, पोती हजाराला हजार भरली, कालच भट्टीत गेली. तर म्हणाला, 'म्हणजे परत नाही सोडला.' मफलर वर घेतला आणि गेला. अशी एकेक माणसं!"

मायलो हे सांगत होता तेव्हा माझा हात खिशात होता, अंगठा ओरखड्यावर.